कॅनडाला न्यायची बायको

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हनत्यात. मी घेते. पोपट. पुन्हा घेते, पोपट. त्यानं माझं नाव इतकी वरसं फुकट वापरलं, मी त्याचं दोनदा घेतलं तर कुनाच्या पोटात दुखायचं कारन न्हाई.

पोपट दौंडला, रेल्वेच्या इंजन शेडात. बॉयलरच्या पोटात शिरायचं, गंजलेल्या नळ्या ठोकून काढायच्या, नव्या बसवायच्या, असलं त्याचं काम. अंगानं दनकट, तोंडानं गोड. मी न्हावऱ्याला, त्याच्या आईपाशी. आमी धनगर. मामंजींच्या वक्ताला समदी मेंढरामागं फिरायची, मग न्हावऱ्यात जमीन घिऊन बसली. माझ्या डोक्याला बाशिंग बांधलं तवा मला लुगडं सावरत नव्हतं, एवढी मी बारकी.

धा वरसं झाली, पोर न्हाई. सासू माझी पार्वतीबाई, तिला मी आत्याबाई म्हनते. तिनं जेजुरी केली, अंगारं केलं, मला उपाशी ठिवलं, झाडपाला पाजला. शेवटी चार मान्सांत म्हनाली, "ही वांझ हाय. दुसरी बगा." दुसरी आनली ती अंजना. तिला पहिल्या नवऱ्यानं रंग काळा म्हनून टाकलेली. तिच्याशी पोपटचा पाट लागला आन् ती दौंडला त्याच्या क्वार्टरात गेली. मी न्हावऱ्यातच, शेन काढायला, उरलीसुरली मेंढरं राखायला आन् म्हातारीचं बघायला.

दोन वरसं अंजनालाबी काई न्हाई. आत्याबाई पुन्हा भिंतीशी पुटपुटाया लागली. मग मच्छिंद्र झाला. त्याच्या पाठीवर म्हाळू. म्हातारीनं गावात साखर वाटली, आन् मला बारशाच्या पाळन्याला हात लावू दिला न्हाई. वांझेची नजर लागती म्हनं.

आता गंमत ऐका. रेल्वेत दोन बायका चालत न्हाईत, कळलं तर नोकरी जाती. मग पोपटनं साहेबाकडं काय लिवून दिलं? बायको भागुबाई. ल्योक दोन, आई भागुबाई. बाळंतपन अंजनानं करायचं आन् कागदावर बाळंतीन मी! रेल्वेचा पास यायचा त्योबी माझ्या नावाचा. त्या पासावर अंजना मुंबई बघून आली, तुळजापूर करून आली. मी शिरूरच्या पलीकडं पाय टाकला नव्हता.

चौऱ्याहत्तर साली रेल्वेचा संप झाला. पोपट त्यात व्हता. नंतर कामावर घेतला, पन साहेब लोक त्याला पान्यात बघाया लागले. त्यात डिझेल इंजनं येनार, बॉयलर जानार, अशी बोली उठली. त्याच्या शेजारच्या क्वार्टरातला फ्रान्सिस फिटर बायकापोरं घिऊन कॅनडाला गेलेला. त्यानं कळवलं, इकडं बॉयलरच्या मानसाला लई मागनी हाय, ये. झालं! पोपटच्या डोक्यात किडा शिरला.

पन कॅनडा काय कुनालाबी घेत न्हाई. तिथं मार्क देत्यात, शाळंत देत्यात तसे. कामाला मार्क, इंग्रजीला मार्क, शिक्षनाला मार्क, वयाला मार्क. आन् वयाचं असं की पस्तिशीच्या पुढं दर वरसाला येक मार्क कापायचा. पोपट तवा त्रेचाळिशीत. बाप्या संध्याकाळी शेडातनं काळाठिक्कर यायचा, हातपाय धुवायचा आन् मच्छिंद्राच्या वर्गातल्या पोरांसंगं सतरंजीवर बसून इंग्रजी घोकायचा. पुण्याला कामाची परीक्षा दिली, नापास झाला. पुन्हा दिली, पास झाला. अंजनानं घरात मराठी बंद केली. पोरांना भाकरी मागायची तर इंग्रजीत मागा, न्हाईतर उपाशी झोपा. म्हाळू दोनदा उपाशी झोपला. घर न्हाई, छळछावनी झाली ती. तरी समदी नेटानं लागलेली, हे मी कबूल करते.

आन् आडलं कुठं? बायकोपाशी. शिरूरला कचेरीसमोर अर्ज लिवनारे सोपानराव हायेत, पोपट त्यांच्याकडं गेला. अंजनाला भागुबाई म्हनून उभी करायचा त्याचा बेत. सोपानरावांनी चष्मा कपाळावर चढवला आन् म्हनले, "पोपटराव, रेल्वेच्या दवाखान्याच्या कार्डावर तुमच्या बायकोची खूण काय लिवलीय ठाऊक हाय का? तुमीच सांगितलेली, मीच लिवलेली. डाव्या हाताची करंगळी अर्धी."

माझी हाय अर्धी. कडबा तोडताना गेली, लग्नाच्या दुसऱ्या वरशी. अंजनाची करंगळी अख्खी. त्या दिवशी घरी आल्यावर पोपट किती तरी वेळ अंजनाच्या हाताकडं बघत बसला म्हनं. मग उठून अडकित्ता कुठं ठिवलाय इचारलं. हे मला अंजनानंच सांगितलं. सुपारीसाठी इचारलं असंल, ती म्हनाली, पन मी हात पदराखाली घातला.

मग माझी आठवन झाली.

यष्टीनं आला पोपट, हातात जिलेबीचा पुडा. मी गोठ्यात व्हते. दारात उभा ऱ्हाऊन म्हनतो, "भागू, जेवलीस का?"

बाई गं! अकरा वरसांत या मानसानं मला पानी इचारलं नव्हतं. मी म्हनलं, "मालक, कोन मेलं?"

"कोन मेलं न्हाई. तुला न्यायला आलोय."

"कुठं? शेन काढायला दौंडला मानसं मिळत न्हाईत व्हय?"

"कॅनडाला," त्यो म्हनाला. "बायको म्हनून."

त्यानं समदं सांगितलं. आधी मी, त्यो आन् पोरं जायाची. अंजनाला मागनं माझी धाकली भन म्हनून बोलवून घ्यायची. मी हसले, शिव्या दिल्या, जिलेबी म्हशीला घातली. आन् दुसऱ्या दिशी आत्याबाईला शेजारच्या सखूबाईच्या हवाली करून यष्टीत बसले. का बसले? खोटं कशाला सांगू. मला बर्फ नको व्हता, मोटार नको व्हती. जिथं कुनीच मला वांझ म्हनून वळखत न्हाई अशी येक जागा या पृथ्वीवर हाय, आन् तिथं दोन पोरं मला आई म्हननार, एवढं माझ्या कानात शिरलं आन् मी गेले. मला जायाचंच व्हतं. जीव टाकून जायाचं व्हतं.

दौंडच्या क्वार्टरात दोन खोल्या. येकीत पोपट, दुसरीत आमी दोघी सवती आन् मधी पोरं. अंजना मला शिकवायची. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात. गुड मॉर्निंग. थँक्यू. माय नेम इज भागुबाई. मी चुकले की ती माझ्या बोटावर उलथनं हानायची, हसत हसत. मीबी काय कमी न्हाई, तिच्या कालवनात दोनदा मूठभर मीठ टाकलं. पन ती रात्रंदिस माझ्यामागं लागलेली, हे खरं. मला शिकवलं तरच तिची पोरं जानार व्हती.

पोपट रोज जेवनाआधी पोरांची उजळनी घ्यायचा. दोघी बायका भिंतीला उभ्या. "तुमची आई कोन?" मच्छिंद्र थोरला, शाना, त्यो झटक्यात माझ्याकडं बोट करायचा. म्हाळू धाकला. त्याचं बोट आपसूक अंजनाकडं जायाचं, आन् पोपट खाडकन त्याच्या मुस्काटात मारायचा. अंजना बघत उभी. डोळ्यात पानी न्हाई, कायी न्हाई. येकदा पोराच्या नाकातनं रगत आलं तशी ती खाली बसली, त्याचं तोंड हातात धरलं आन् म्हनाली, "म्हाळ्या, मी तुझी मावशी हाय. कोन हाय मी?"

"मावशी," पोर म्हनालं.

"आन् आई कोन?"

पोरानं माझ्याकडं बोट केलं. पोपटनं त्याला गूळ दिला. आन् मी? मला गोड वाटलं. लई गोड वाटलं. त्या राती म्हाळू झोपेत माझ्या कुशीत आला, मी सरकून त्याला जागा दिली. अंजना पलीकडं जागी व्हती ते मला ठाव व्हतं, तरी मी त्याच्या अंगावर हात टाकला.

कॅनडावाल्यांचं मुंबईला बोलावनं आलं. तो पास माझ्या नावाचा, आन् त्यावर मी पहिल्यांदाच गाडीत बसले. अंजना घरी. आफिसात गोरा साहेब, त्याच्या बाजूला मराठी बोलनारा येक बाप्या. पोपट घामानं भिजलेला. त्याला कामाचं इचारलं, त्यानं इंग्रजीत सांगितलं, अडखळत, पन सांगितलं. मग साहेब माझ्याकडं वळला. त्या बाप्यानं इचारलं, "बाई, तिकडे फार थंडी असते. जमेल का?"

मी म्हनलं, "साहेबाला सांगा, मी मेंढरांच्या मधी उघड्यावर झोपलेली बाई हाय. गारा पडल्या तर कोकरू पोटाशी धरून घोंगडी वढायची. तुमची थंडी छपराखालची, तिला काय भ्यायचं?"

साहेब हसला. वहीत कायतरी लिवलं. पोरांना इचारलं, आई कुठंय? दोघांनीबी माझ्याकडं बघितलं, म्हाळूनं तर माझा पदर धरला. बाहेर आल्यावर पोपट म्हनाला, "भागू, तू तारलंस." रस्त्यात, मानसांत, माझ्या पाठीवर हात ठिवला त्यानं. मी तवा खरंच मनात म्हनलं, देवा, आता मला मरन दिलंस तरी चालंल. मूर्ख बाई!

आता येकच ऱ्हायलं व्हतं, डॉक्टरची तपासनी. पुण्याला दवाखाना, नवराबायको दोघं डॉक्टर. बायकांना बाई तपासायची, बाप्यांना बाप्या. मधी पांढरा पडदा. कॅनडावाल्यांनी नेमून दिलेले, त्यांनी सही केली की झालं. अंजना संगं आल्ती, पोरांची मावशी म्हनून. ती पोरांना घिऊन बाहेर बाकड्यावर बसली. पोपटला भ्या येकच व्हतं, छातीत इंजनाचा धूर बसला असंल. आठवडाभर त्यो हळद-दूध पीत व्हता. माझ्या दातांची त्याला काळजी व्हती, मला मिसरी बंद केलेली. समद्या कागदांचा त्यानं इचार केला, फुफ्फुसाचा केला, दातांचा केला. मानसाच्या अंगावर आनखी काय काय लिवलेलं असतं, हे मात्र त्या मेल्याच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्याबी आलं न्हाई.

डॉक्टरीन बाई बरी व्हती, मऊ हाताची. मला टेबलावर आडवं केलं. "बाळंतपणं किती?"

"दोन."

"कुठं झाली?"

"घरीच."

तिनं पोट दाबलं, बघितलं, खाली तपासलं. पुन्हा बघितलं. मग हात धुतले आन् माझ्याजवळ स्टूल वढून बसली. आवाज बारीक केला. "भागुबाई, खरं सांगा. तुम्हाला मूल झालेलं नाही. एकही नाही."

मी छताकडं बघितलं. मानसाला फसवता येतं, साहेबाला फसवता येतं. माझ्या पोटानंच माझी चहाडी केली. मी समदं सांगून टाकलं, दोन बायका, पोरं दुसरीची. म्हनलं, "बाई, माझ्यात खोट हाय, देवानं मला वांझ केलं. पन पोरं मालकांचीच हायेत, त्येवढी सही करा. तुमच्या पाया पडते."

तेवढ्यात पडद्यापलीकडनं डॉक्टरनं तिला हाक मारली. दोघं इंग्रजीत बोलली. ती परत आली तवा तिचं तोंड बदललेलं. म्हनाली, "भागुबाई, तुम्हाला वांझ कुणी सांगितलं?"

"समद्यांनी."

"तुमच्यात मला काही दोष दिसत नाही. तुमच्या मालकांना मूल होणंच शक्य नाही. जन्मापासून अंड खाली उतरलेलंच नाही, दोन्हीकडचं. ही मुलं त्यांची नाहीत."

पडद्यापलीकडं डॉक्टर पोपटला तेच सांगत व्हते, मला सबुद न् सबुद ऐकू येत व्हता. आन् पोपटनं काय इचारलं असंल? तो म्हनाला, "साहेब, याला किती मार्क कापत्यात?"

डॉक्टर म्हनले, "मार्कांचा प्रश्न नाही हो. मुलं हिची नाहीत, तुमचीही नाहीत. मग तुम्ही कुणाची मुलं देशाबाहेर नेताय? मी सही करणार नाही."

मी टेबलावर उठून बसले. लुगडं सावरायचंबी भान ऱ्हायलं न्हाई. अवो, आमच्यात मेंढ्या गाभ जाईनात तर आदी काय करत्यात? मेंढा धरत्यात. उलटा पाडत्यात, हात घालून बघत्यात. अंड वर ऱ्हायलेला असला की त्याला कळपात ठिवत न्हाईत, शिरूरच्या बाजारात खाटकाला देत्यात. मी सवता असले मेंढे हातानं वळखलेत, परकराच्या वयात. बाप मला शाबासकी द्यायचा. आन् माझ्या घरात मेंढा कुनी बघितला न्हाई. मला झाडपाला पाजला, मला उपाशी ठिवलं, मला पाळन्यापासनं हाकललं. नवऱ्याला हात लावायची मला लाज वाटली, अंधारात डोळं मिटून घेत व्हते मी. मेंढ्याची लाज वाटली न्हाई, नवऱ्याची वाटली. थू त्या लाजंवर!

बाहेर आलो. पोपट पोरांना घिऊन पुढं निघाला, टेसनाच्या दिशेनं, मागं न बघता. आमी दोघी मागं. अंजनानं माझं तोंड बघितलं आन् तिला कळलं.

"अक्का," ती म्हनाली, "डॉक्टरनं सांगितलं ना?"

"कुनाची पोरं हायेत गं?" मी म्हनलं.

"माझी." ती चालत ऱ्हायली. "पाट लागून दोन वरसं झाली, म्हातारी पुटपुटाया लागली. तुमाला वांझ म्हनून शेनात घातली, ते मी बघितलेलं. मला येका नवऱ्यानं काळी म्हनून हाकललेली. दुसऱ्यांदा हाकलून घ्यायला मी तयार नव्हते. घराला पोर पायजे व्हतं, मी दिलं."

मला तिचा राग यायला पायजे व्हता. तिच्या झिंज्या धरायला पायजे व्हत्या, भर रस्त्यात. पन माझ्या मनात येकच आलं, हे मला का सुचलं न्हाई? मी म्हनलं, "तू लई हुशार हायेस, अंजना."

गाडीत म्हाळूनं इचारलं, "आई, कॅनडा कवा?" आमी दोघींनीबी त्याच्याकडं बघितलं. पोपटनं हात उगारला, पन मारलं न्हाई. आता कुनाला आई म्हनलं म्हनून मारायचं, हेच त्याला कळंना.

मला वाटलं व्हतं आता अंजनाचं कायी खरं न्हाई. पन पोपट येडा न्हाई. अंजनाला हाकललं तर का हाकललं हे सांगावं लागनार. पोरांना टाकलं तर का टाकलं हे सांगावं लागनार. दौंडला उतरल्यावर कॉलनीतली मानसं जमली, काय झालं पोपटराव, झालं का काम? त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर झटकली आन् माझ्याकडं मान केली. "तपासनीत ही वांझ निघाली. हिच्यापायी गेलं समदं."

माझ्यासमोर म्हनाला. त्याला ठाव व्हतं मी तोंड उघडनार न्हाई. उघडलं असतं तर म्हाळूला उद्या शाळंत पोरांनी काय म्हनलं असतं? मच्छिंद्राला पोरगी कुनी दिली असती? पोरांनी चार महिने मला आई म्हनलं व्हतं, तेवढ्यावर त्यानं माझं तोंड बांधलं. बायका हळहळल्या, "अरारा, बिचाऱ्याचं सोनं व्हनार व्हतं, या अवदसेनं माती केली." दुसऱ्या दिशी मला यष्टीत बसवून दिलं. पोरांना शाळंत लावलेलं, भेटू दिलं न्हाई. अंजना तेवढी आली फाट्यापर्यंत. माझ्या हातात भाकरी बांधून दिली, पन डोळ्याला डोळा दिला न्हाई.

न्हावऱ्यात माझ्या आदी बातमी पोचलेली. समदं गाव मला बघाया आलं. कॅनडानं वांझ म्हनून परत धाडलेली बाई! आदी नुसती न्हावऱ्यात वांझ व्हते, आता इलायतीत नाव झालं.

आत्याबाईनं मला बघून न बघितल्यागत केलं. डोळं अधू झाल्यात तिचे, पन कान तिखट. मी भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढं ठिवली, जशी रोज ठिवते. ती खाया लागली. खाता खाता म्हनाली, "तुझ्या पायगुनानं माझ्या ल्योकाचं वाटोळं झालं. दुसरी आनली त्या दिवशीच तुला हिरीत ढकलायला पायजे व्हती."

मी तिच्यासमोर बसले. म्हनलं, "आत्याबाई, तुमच्या ल्योकाचं अंड वर हाय."

ती चघळत ऱ्हायली. बोळक्यात घास इकडचा तिकडं केला, गिळला. म्हनाली, "ठाव हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय ठाव हाय?"

"त्याला मांडीवर घिऊन न्हाऊ कोन घालत व्हतं, तू? मी धनगराची बाय हाय. पयल्या दिवशीच हाताला कळलं."

"मग मला वांझ का म्हनलात?" मी इचारलं. "धा वरसं मला पाला का पाजला? चार मान्सांत माझं नाव का घेतलं?"

म्हातारीनं वाटी चाटली. तिला राग आला न्हाई, लाज वाटली न्हाई. शिकवल्यागत बोलली, "मग काय करू? सून बदलता येती. ल्योक बदलता येतो व्हय?"

मी तिच्या हातातली वाटी घेतली. धुतली. चूल इझवली.

सकाळी तिला न्हाऊ घातलं, धुतलेलं लुगडं नेसवलं, तिचं घोंगडं आन् चंची गठुड्यात बांधली. ती इचारत ऱ्हायली, "भागे, कुठं चाललोय?" मी तिचा हात धरून तिला यष्टीच्या थांब्यावर आनली. सखूबाई म्हनाली, "कुठं गं म्हातारीला?" मी म्हनलं, "ल्योकाकडं. लई दिस झालं भेटून." दौंडची यष्टी आली, मी तिला उचलून खिडकीपाशी बसवली. तवा कुठं तिला उमगलं.

"भागे, अंजना मला ऱ्हाऊ देनार न्हाई. मला उतरव. तिच्या घरात मी मरून जाईन."

कंडक्टरनं इचारलं, "म्हातारीसंगं कोन हाय?"

"कोन न्हाई," मी म्हनलं. "दौंडला उतरवा. रेल्वे कॉलनी, पोपट बॉयलरवाला. ल्योक हाय."

म्हातारीनं खिडकीतनं हात बाहेर काढला आन् मला चाचपाया लागली. माझा खांदा सापडला, तो तिनं गच्च धरला. "भागे, तुझ्याबिगर माझं कोन हाय गं?"

मी तिची बोटं येक येक करून सोडवली. म्हनलं, "आत्याबाई, सून बदलली तुमची."

कंडक्टरनं दोरी वढली. म्हातारी वरडत व्हती, माझं नाव घिऊन, गाडी वळनाला जाईपर्यंत. मी घरी आले आन् मेंढरं सोडली.